कापडी टपाचा सांगाडा: जुन्या उघड्या मोटारीतले दुवे, गंज आणि रंग

हे टिपण यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. रसायन किंवा धातुशास्त्र शिकणाऱ्यांनाही त्यातला मधला भाग उपयोगी पडेल. चार दुव्यांची साखळी, फिट-टॉलरन्सचा तक्ता आणि लोखंड गंजते म्हणजे नेमके काय होते, एवढे माहीत असले तर पुरे. विषय आहे जुन्या उघड्या मोटारीच्या कापडी टपाचा सांगाडा दुरुस्त करून पुन्हा रंगवण्याचा. थिअरी ऑफ मशीन्स, मेट्रॉलॉजी आणि कोटिंग ही तुमच्या अभ्यासक्रमातली तीन वेगवेगळ्या सेमिस्टरची प्रकरणे इथे एकाच वस्तूत एकत्र येतात. त्यांपैकी एकाकडे दुर्लक्ष झाले की उरलेल्या दोघांची मेहनत वाया जाते.

उदाहरणासाठी ठिकाण घेऊ बगरू. जयपूरहून अजमेरच्या रस्त्याने साधारण 30 किलोमीटरवरचे हे गाव तुम्हाला लाकडी ठशांनी होणाऱ्या कापडछपाईसाठी माहीत असेल. मोटारीशी त्याचा संबंध काय, असे वाटेल. तो संबंध गंजात आहे आणि त्याकडे आपण यथावकाश येऊ. तसे पाहिले तर राजस्थानात जुन्या उघड्या गाड्यांची वाण नाही. जयपुरात राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्स कार क्लब जुन्या मोटारींची रॅली भरवतो आणि उदयपूरला संस्थानी गाड्यांचे संग्रहालय आहे. आपल्याकडे नुवे गावातला गोव्याचा संग्रह, मुंबईतल्या रॅली आणि गावोगावच्या जीपगाड्या आहेतच. मुंबईच्या महिंद्र कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि कापडी टप ही चीज सर्वसामान्य माणसाच्या परिचयाची झाली ती जीपमुळेच.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. जुन्या गाडीचे कापड बदलता येते. कुशनवाल्याकडे माप दिले की नवे शिवून मिळते. सांगाडा मात्र बहुधा मिळत नाही. मिळाला तरी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा सांगाडा तुमच्या गाडीवर सरळ बसेल याची खात्री नसते, कारण त्या काळी तो कारखान्यात गाडीवर चढवून, ठोकून, वॉशर घालून त्या एका गाडीपुरता बसवलेला असे. म्हणजे तुमच्या हातात असलेला गंजका, खिळखिळा सांगाडा हीच एकमेव प्रत आहे, असे समजून हात घालायचा.

सांगाड्यात काय काय असते

नावे पक्की करून घेऊ. काचेच्या चौकटीवर जिथे टप अडकते ती पुढची आडवी पट्टी म्हणजे हेडर. दोन्ही बाजूंना दाराच्या काचांवरून मागे जाणाऱ्या, दोन-तीन तुकड्यांत दुमडणाऱ्या पट्ट्या म्हणजे बाजूपट्ट्या. डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या आणि कापडाला आकार देणाऱ्या आडव्या कमानी. मागच्या दारखांबाजवळ बॉडीला बोल्टने बसवलेले मुख्य ब्रॅकेट, आणि पट्ट्यांची हालचाल एकमेकींशी बांधून ठेवणारे छोटे नियंत्रक दुवे. मोठ्या गाड्यांत उचलायला मदत करणारी स्प्रिंग असते, काहींत हायड्रॉलिक सिलिंडरही. टप यंत्रशक्तीने उघडण्याची सोय अमेरिकेत प्लिमथने 1939 मध्ये आणली. ती इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालत असे.

जीपचा सांगाडा याहून फारच साधा. युद्धकाळातल्या विलीज जीपला दोनच नळीच्या कमानी असतात आणि त्यांना उभे धरून ठेवते ते ताणलेले कापडच. मोटारीच्या सांगाड्यात उलट असते: सांगाडा स्वतःच्या बळावर उभा राहतो आणि कापडाला ताण देतो. हा फरक मोठा आहे. शेवटच्या सरावात तो परत येईल.

1930 च्या दशकातल्या टूरर गाड्यांत कमानी लाकडी असत. अॅश जातीचे लाकूड वाफेवर वाकवून घेत आणि टोकांना लोखंडी खोबणी बसवत. पुढे दाबून घडवलेला पत्रा आणि ओतीव लोखंड आले, तरी हेडरमध्ये किंवा कापड ठोकायच्या पट्टीत लाकूड बराच काळ टिकून राहिले. त्यामुळे सांगाडा म्हणजे नुसते लोखंड, अशा समजुतीने तो उचलून भट्टीत घालू नका.

हिशोबाप्रमाणे हलू नये, तरी हलतो

एका बाजूची साखळी कागदावर काढा. बॉडीवरचे ब्रॅकेट हा स्थिर दुवा. त्याला मागची बाजूपट्टी आणि पहिला नियंत्रक दुवा जोडलेला. या दोघांच्या वरच्या टोकांना मधली बाजूपट्टी. झाली चार दुव्यांची साखळी. आता मधल्या पट्टीला पुढची पट्टी जोडा आणि मागच्या पट्टीवरून निघालेला दुसरा नियंत्रक दुवा तिला मिळवा. एकूण 6 दुवे, 7 सांधे. ग्रूब्लरच्या सूत्राने डिग्री ऑफ फ्रीडम निघते 3(6−1) − 2×7 = 1. एका हाताने हेडर ढकलला की सगळा सांगाडा शहाण्यासारखा दुमडतो तो या एकामुळे. ही वॅट प्रकारची सहा दुव्यांची साखळी झाली. प्रत्येक गाडीत हुबेहूब हीच मांडणी असेल असे नाही, पण मोजण्याची रीत हीच.

आता तेच दुवे आणि सांधे त्रिमितीच्या सूत्रात घाला: 6(6−1) − 5×7 = −5. ऋण पाच! सूत्र सांगते की ही वस्तू हलूच शकत नाही. तरी ती हलते, कारण सातही पिनांचे अक्ष एकमेकांना समांतर आहेत. प्रत्यक्षातला 1 आणि सूत्राचा −5 यांच्यातला फरक 6. म्हणजे इतक्या अटी जास्तीच्या आहेत आणि त्या केवळ अचूक भूमितीच्या मेहेरबानीवर पाळल्या जातात. आणि हे एकाच बाजूचे झाले. दुसरी बाजू कमानींनी हिच्याशी जखडली की आणखी अटी वाढतात.

वर्गात हे गणित सोडवून विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मला मात्र वाटते की या ऋण पाचापाशी थोडे थांबायला हवे, कारण दुरुस्तीचे सगळे शहाणपण त्यातून निघते. कोणीतरी टप जोरात ओढले, एक बाजूपट्टी दोन अंशांनी पिळली गेली, तर अक्ष समांतर राहत नाहीत आणि सांगाडा अडतो. अडला की माणूस आणखी जोर लावतो. मग पिन झिजते, भोक लांबट होते, आणि ढिलाई आल्यामुळे सांगाडा पुन्हा हलू लागतो. गॅरेजमध्ये याला 'आपोआप सुटला' म्हणतात. प्रत्यक्षात जास्तीच्या अटी झिजेने मोडून काढल्या गेल्या, एवढेच घडलेले असते. म्हणून आधी पिळलेली पट्टी सरळ करायची आणि मगच भोके नवी करायची. क्रम उलटा केला तर नवे बुश पहिल्या महिन्यातच झिजतील.

अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट

समजा, सांगाडा उभा असताना त्याचा कोन ज्या दोन सांध्यांवर ठरतो ते एकमेकांपासून 75 मि.मी. अंतरावर आहेत, आणि त्यांतल्या एका भोकात 0.5 मि.मी. ढिलाई आली आहे. तेवढ्याने पट्टीचा कोन 0.5 ÷ 75, म्हणजे सुमारे 0.0067 रेडियन इकडेतिकडे होऊ शकतो. हेडर तिथून 900 मि.मी. पुढे असेल, तर तिथे ही ढिलाई 6 मि.मी. होऊन दिसते. हेडर काचेच्या चौकटीवर सहा मिलिमीटर खाली लोंबतो, खटका लागत नाही, दाराची काच वर जाताना पट्टीला घासते. हे पाहून पट्टी वाकवून हेडर वर आणण्याचा मोह फार जणांना होतो. चूक झिजलेल्या भोकात असते आणि शिक्षा पट्टीला मिळते.

भोक कसे दुरुस्त करायचे? जुन्या पिना बहुतेक रिव्हेटसारख्या ठोकून बसवलेल्या असतात. डोके ड्रिलने काढायचे, पिन मागून हळूच ठोकायची, भोक मोठे करून त्यात फॉस्फर ब्राँझचा बुश दाबून बसवायचा आणि जागेवरच रीमर फिरवायचा. पिन लेथवर नवी करायची. 8 मि.मी. व्यासाला H7/f7 फिट घेतला तर भोक +0 ते +15 मायक्रॉन, पिन −13 ते −28 मायक्रॉन. म्हणजे मोकळीक 13 ते 43 मायक्रॉन. हे आकडे तक्त्यातून स्वतः काढून पाहा. पुढे रंगाच्या थराशी त्यांची तुलना करायची आहे.

गाडी इंग्लिश किंवा अमेरिकन असेल तर पिन बहुधा 5/16 इंचाची, म्हणजे 7.94 मि.मी. असते. तिच्या झिजलेल्या भोकात 8 चा रीमर फिरवून काम उरकेल असे वाटते. पण रीमर फक्त 0.06 मि.मी. कापणार आणि अर्ध्या मिलिमीटरचा लांबटपणा तसाच राहणार. बुशला पर्याय नाही.

उघडण्याआधी मोजा

सांगाडा गाडीवरून उतरवण्याआधी अर्धा दिवस नुसता मोजण्यात घालवा. गाडी चाकांवर, सपाट जमिनीवर उभी हवी, जॅकवर नको. उघड्या गाडीला छप्पर नसल्याने तिची बॉडी पिळाला कमजोर असते आणि जॅक कुठे लावला त्यानुसार दाराच्या फटी बदलतात. आधी दारे बरोबर बसतात का ते पाहा. चासी बसली असेल, दारखांब झुकले असतील, तर ते आधी. ज्या चौकटीवर सांगाडा बसायचा ती चौकटच चुकीची असेल, तर सांगाड्यावर केलेली प्रत्येक दुरुस्ती पुढे उलटी करावी लागते.

मग सांगाडा उभा करून हेडर ते काचेची चौकट, बाजूपट्टी ते दाराची काच, कमान ते कमान अशी मापे दोन्ही बाजूंची घ्या. कमानींमधले अंतर धरून ठेवणाऱ्या नवारीच्या पट्ट्या असतात. खाटेची असते तशीच नवार. ती कापण्याआधी तिची लांबी लिहून ठेवा, कारण कमानी कुठे उभ्या राहायच्या याची नोंद दुसरीकडे कुठेच नसते. मुख्य ब्रॅकेटखाली वॉशर किंवा पत्र्याचे तुकडे सापडले तर ते कचरा समजून टाकू नका. डावीकडे किती, उजवीकडे किती, हे पाकिटावर लिहून त्यातच ठेवा. कारखान्यातल्या कुण्या फिटरने केलेले ते समायोजन आहे.

उचलायला मदत करणारी स्प्रिंग असेल तर ती कोणत्या स्थितीत सैल असते ते आधी ओळखा आणि त्याच स्थितीत काढा. दुमडत्या पट्ट्या कात्रीसारख्या मिटतात. हाताची बोटे पट्ट्यांच्या मध्ये जातील अशा जागी कधीही ठेवू नका, आणि हे काम दोघांनी मिळूनच करा.

गंज, आणि बगरूची काळी शाई

लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. दोन पत्रे रिव्हेटने जोडलेल्या जागी पाणी शिरले की मधला गंज फुगून पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो. सांगाड्यात अशा जागा म्हणजे हेडरची आतली घडी आणि कापड ठोकायच्या पट्टीखालची खोबण. कोकणातल्या गाडीत खाऱ्या हवेने या जागा पोखरलेल्या सापडतात. बगरूसारख्या अर्धशुष्क भागातल्या गाडीत गंज कमी, पण बारीक धूळ ग्रीसमध्ये बसून तिचा घासलेप होतो आणि पिना जास्त झिजतात. लाकूडही वाळून तडकलेले असते. कोणत्या प्रदेशात गाडीचे आयुष्य गेले ते विचारून घ्या, म्हणजे आधी कुठे पाहायचे ते कळते.

आता ती छपाई. बगरूचे छिपे कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवतात. कापड फिकट पिवळे होते. काळ्या रंगासाठी भंगार लोखंड, जुने घोड्याचे नाल वगैरे, गूळ-पाण्यात घालून बरेच दिवस आंबत ठेवतात. गूळ आंबून आम्ल तयार होते, आम्लात लोखंड विरघळते, आणि ते फेरस क्षारांचे पाणी डिंकासारखा पदार्थ घालून दाट केले की ठशाने कापडावर उमटवता येते. याला तिथे स्याही म्हणतात. हिरड्यातले टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग होतो, हवेतल्या ऑक्सिजनने फेरसचे फेरिक होते आणि कापडावर पक्का काळा उमटतो: फेरिक टॅनेट. पाण्यात न विरघळणारे, धुऊन न जाणारे.

मोटारीच्या दुकानात 'रस्ट कन्व्हर्टर' नावाने मिळणाऱ्या बाटल्यांपैकी पुष्कळांत टॅनिक आम्ल असते. गंजावर ते लावले की तपकिरी थर निळसर काळा होतो, आणि तो काळा थर म्हणजे तेच फेरिक टॅनेट. बगरूत लोखंड मुद्दाम विरघळवून टॅनिनपाशी नेतात. आपण टॅनिन गंजलेल्या लोखंडापाशी नेतो. रसायन एकच.

हा प्रयोग वसतिगृहातही होईल. हिरडा आयुर्वेदिक दुकानात मिळतो. आपल्याकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतली आदिवासी कुटुंबे तो गोळा करतात. चार-पाच हिरडे कुटून पाण्यात उकळा, गाळा, गार करा आणि एका गंजलेल्या खिळ्यावर ब्रशने लावा. शेजारी न गंजलेला, घासून चकचकीत केलेला खिळाही ठेवा आणि दोन्हींत किती वेळात काय फरक पडतो ते लिहून काढा. सुती शर्टावर थेंब पडू देऊ नका. पडलाच आणि तिथे लोखंड लागले, तर शर्टाची छपाई झाली असे समजा.

पण मर्यादाही ओळखा. टॅनेटचा थर पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावरच कामाचा. सुटी पापुद्र्यांची खपली असेल तर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज चालूच राहतो. म्हणून आधी तारेच्या ब्रशने आणि खरवडणीने सुटेल तेवढा गंज काढायचा. जिथे धातू स्वच्छ करता येतो तिथे तो स्वच्छच करावा. कन्व्हर्टर राखून ठेवावा तो जिथे हत्यार पोचत नाही अशा घडीसाठी. सगळा सांगाडा कन्व्हर्टरने काळा करून वर रंग मारणे हा आळस आहे, मग बाटलीवर काहीही छापलेले असो.

टॅनिनचा हाच गुण लाकडात उलटा बाधतो. काही लाकडांत टॅनिन भरपूर असते. बाभळीची साल तर कातडी कमावायला वापरतात. अशा लाकडाची कमान करून त्यात साधे लोखंडी स्क्रू मारले, तर ओल लागताच स्क्रूभोवती काळे डाग पडतात, आणि पुढे स्क्रूही जातो आणि लाकूडही. नवी लाकडी पट्टी घालताना लाकूड चहूबाजूंनी वॉर्निश करा, स्क्रूच्या भोकांतही, आणि स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस घ्या.

गंज काढण्याच्या इतर रीती

सँडब्लास्टिंग सर्वांत झटपट. मात्र नदीची वाळू वापरू देऊ नका. तिच्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो, आणि फुप्फुसाचा हा आजार बरा होत नाही. राजस्थानात दगडाच्या खाणींत आणि कामठ्यांत हा आजार इतका पसरला आहे की राज्याने 2019 मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. गार्नेट किंवा काचेचे मणी मागा. थोडे महाग पडतात, पण ज्याच्या नाकातोंडात धूळ जाणार तो तुम्ही नसता, तो नळी धरणारा मुलगा असतो. पातळ पत्र्याच्या हेडरवर दाब कमी ठेवायचा, नाहीतर पत्रा एका बाजूला ताणला जाऊन वाकतो. बुश आणि भोके बूच मारून झाका.

इलेक्ट्रोलिसिस छोट्या दुव्यांना छान. धुण्याच्या सोड्याचे पाणी, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर, ऋण टोकाला तुमचा भाग आणि धन टोकाला साध्या लोखंडाचा भंगार तुकडा. स्टेनलेसचा तुकडा लावू नका. त्यातून विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावर करा आणि जवळ विडी-काडी नको. स्प्रिंग आणि कडक केलेले खटके मात्र या टाकीत घालू नका, आम्लातही नको. ताकदवान पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होते आणि ताणाखाली अचानक तुटते. असे भाग हाताने घासावेत.

रंग: पावडर की पातळ?

'पावडर कोटिंग करून टाका, आयुष्यभर बघायला नको,' असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. सपाट फाटकाला आणि खुर्चीला तो योग्य आहे. या सांगाड्याला का नाही, ते मोजून पाहू.

पावडरचा थर सहसा 60 ते 100 मायक्रॉनचा असतो. 80 धरा. पिनेवर थर बसला की व्यास 160 मायक्रॉनने वाढतो. भोकात बसला की भोक 160 ने लहान होते. एकूण 320 मायक्रॉन गेले. आपल्या फिटमध्ये मोकळीक जास्तीत जास्त 43 होती! सांधे झाकून घेतले तरी दोन दुवे एकमेकांवर घासतात त्या चपट्या बाजूंवर थर चढतोच, आणि तिथे वॉशरची जाडी संपते. दुसरे, पावडर 180 ते 200 अंश सेल्सिअसला भाजतात. जुन्या बॉडीकामात सांधे भरायला वापरलेले कथील-शिशाचे मिश्रण 183 अंशांना पाझरू लागते. लाकूड आणि कापड ठोकायच्या तंतूंच्या पट्ट्यांचे काय होईल ते सांगायला नको. तिसरे, विद्युतभारित पावडर खोल कोपऱ्यात जात नाही, फॅरडेच्या पिंजऱ्याप्रमाणे कडांवरच जमते. आणि आपला गंज नेमका कोपऱ्यातच होता.

माझी पसंती पातळ रंगाला: आधी झिंक फॉस्फेट असलेला इपॉक्सी प्रायमर, वर दोन घटकांचा पॉलीयुरेथेन. घडीच्या आत प्रायमर फवाऱ्याने जात नसेल तर पातळ करून ओता आणि सांगाडा उलटसुलट फिरवा. पॉलीयुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. साध्या कापडी मास्कने ते अडत नाही; बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क हवा, नाहीतर हे काम नीट सोय असलेल्या रंगशाळेत द्या. काही पेंटर अजून 'ड्यूको' म्हणतात तो नायट्रोसेल्युलोज रंग 1920 च्या दशकातल्या गाड्यांना मुळापासून शोभतो, पण दुमडताना तडकतो, म्हणून सांध्यांजवळ जपून.

वेळ निवडताना एक नियम पाळा: धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश वर हवे. पावसाळी मुंबईत हा नियम आड येतो. बगरूच्या मे महिन्यात तो आपोआप पाळला जातो, पण तिथे अडचण वेगळी: तापलेल्या धातूवर द्रावक पोचण्याआधीच उडून जाते, रंग खरखरीत बसतो, आणि दुपारनंतर आंधी उठते. पहाटे फवारणी करणे, हा तिथला साधा उपाय.

मूळ रंग कोणता होता ते शोधायचे तर मुख्य ब्रॅकेटच्या खाली, बोल्टने दाबलेल्या जागी पाहा. ऊन न लागलेला तेवढाच भाग असतो. त्याची चकाकीही पाहा. आज मिळणारा रंग बहुधा जुन्याहून जास्त चकचकीत असतो, आणि आरशासारखा सांगाडा जाणकाराच्या डोळ्यांना खटकतो. ब्रॅकेटखालचा तो चार बोटांचा मूळ रंग घासून काढू नका. पुढच्या माणसाला पुरावा राहू द्या.

किती नवे करायचे?

हा प्रश्न केवळ आवडीचा नाही. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल होईल अशी मोठी उलथापालथ न झालेली दुचाकी-चारचाकी वाहने तीत येतात. टपाचा सांगाडा बोल्टने बसतो, पण त्याचे ब्रॅकेट ज्या खांबावर असते तो बॉडीचा भाग आहे. सांगाडा बसत नाही म्हणून खांब कापून वेल्डिंग करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे. जुन्या वाहनांच्या फिवा या जागतिक महासंघाने 2012 मध्ये स्वीकारलेल्या तुरीन सनदेचा रोखही हाच आहे: जेवढे टिकवता येईल तेवढे टिकवा, जे केले त्याची नोंद ठेवा. बुश बदलणे, पिन बदलणे हे पुन्हा उलटे करता येते. कापलेला खांब परत येत नाही.

परत जोडणी

जोडताना पहिली फेरी कापडाविना. सांध्यांना पातळ ग्रीस, धुळीच्या मुलखात त्याहूनही पातळ, किंवा कोरडे ग्रॅफाइट. सगळे बोल्ट अर्धे आवळून सांगाडा दहा-बारा वेळा उघड-मीट करा आणि अक्षांना आपापली जागा घेऊ द्या, मग आवळा. एका बाजूचे सगळे बोल्ट आधी घट्ट करून दुसरीकडे गेलात, तर ऋण पाचाची आठवण होईल. वॉशर होते तिथे, होते तितके. मग मापे पुन्हा घ्या आणि पहिल्या दिवशीच्या वहीशी पडताळा. नवे कापड ताठ असते आणि हेडरला मागे ओढते, त्यामुळे खटके कापडाविना किंचित सैल लागले तरी हरकत नाही; कापड चढल्यावर ते बरोबर येतात. नवार आधी, कापड नंतर. इथून पुढचे काम कुशनवाल्याचे.

सराव

जीपच्या सांगाड्यात बॉडी आणि दोन कमानी असे 3 दुवे धरा आणि प्रत्येक कमान एका सांध्यावर फिरते असे माना. डिग्री ऑफ फ्रीडम काढा. उत्तर 2 यायला हवे. दुसरी कमान बॉडीऐवजी पहिल्या कमानीवर बसवली तरी उत्तर तेच येते का, तेही पाहा. मग विचार करा: या दोन मोकळ्या हालचाली कापड कशी थांबवते, आणि कापड फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही, म्हणून किमान किती बाजूंनी ते बांधावे लागेल? त्यानंतर जवळच्या गॅरेजमधली एखादी जीप प्रत्यक्ष पाहून आपले उत्तर तपासा, आणि कमानींच्या बिजागरीत किती ढिलाई आहे तेही व्हर्नियरने मोजून आणा.